ओमाहा ते डेन्व्हर एका दिवसात : वयस्कर आई-बाबांसोबतच्या प्रवासाचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेतल्या मराठी घरांत उन्हाळा आला की आई-बाबा येतात, आणि आई-बाबा आले की गाडी निघते. मिडवेस्टात राहणाऱ्यांची गाडी बहुतेक वेळा कोलोरॅडोकडे. रॉकी माउंटन नॅशनल पार्क कुठल्या दिवशी करायचं, पाइक्स पीकवरची विरळ हवा आईंना सोसेल का, याची चर्चा महिनाभर आधीपासून चालते. मधल्या मैदानाबद्दल मात्र एकच वाक्य असतं : "तो एक दिवस नुसतं ड्रायव्हिंग आहे." या प्रकरणात जे घडलं ते सगळं त्या एका दिवसात घडलं.

कुटुंबाच्या परवानगीने लिहितो आहे. नावं दिलेली नाहीत, ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा, सून आणि आजी यांच्याशी मी वेगवेगळा बोललो. तिघांच्या सांगण्यात जिथे फरक होता तिथे तो तसाच ठेवला आहे. आजोबा बोलायला फारसे राजी नव्हते, आणि ते का, हाही या प्रकरणाचाच भाग आहे.

पार्श्वभूमी

गाडीत पाच जण. चाळिशीतला मुलगा, सून, नऊ वर्षांची नात, ७१ वर्षांचे आजोबा आणि ६७ वर्षांच्या आजी. राहणं शिकागोच्या उपनगरात. आजोबांना जुना मधुमेह. ते सकाळी आणि रात्री जेवणाआधी मिश्र इन्सुलिन घेतात. आजींचे गुडघे दुखतात, दीड-दोन तासांच्या वर एका जागी बसलं की उठताना त्रास होतो. दोघांना येऊन महिना होत आला होता, त्यामुळे झोप, जेवण, औषधं शिकागोच्या घड्याळाला नीट बसली होती.

जूनचा दुसरा आठवडा. पहिल्या दिवशी शिकागो ते ओमाहा, साधारण ४७० मैल, विनासायास झाले. या पहिल्या दिवसाने मुलाला फार धीर दिला. दुसऱ्या दिवशी ओमाहा ते डेन्व्हर, साधारण ५४० मैल, म्हणजे ८७० किलोमीटर. मुंबई ते नागपूर समृद्धी महामार्ग ७०१ किलोमीटरचा आहे, त्याहून हे अंतर बरंच जास्त. नकाशाच्या ॲपने आठ तास सांगितले. डेन्व्हरचं हॉटेल पैसे परत न मिळण्याच्या अटीवर, स्वस्तात घेतलेलं. शिवाय रात्री आठला मुलाच्या कॉलेजच्या मित्राकडे जेवण, तिथे पुरणपोळीचा बेत.

या जेवणाला मी फार महत्त्व देतो. हॉटेल बुडालं तर पैसे जातात. पण कोणी पुरण शिजवून वाट बघत बसलं असेल, तर "आज येत नाही" हे सांगायला मराठी माणसाची जीभ रेटत नाही. दिवसभरातल्या प्रत्येक निर्णयावर त्या आठ वाजताच्या ताटाचं वजन होतं, असं सुनेने स्पष्ट सांगितलं.

रस्ता कसा आहे

आंतरराज्य महामार्ग ८० नेब्रास्कात ४५५ मैल धावतो. राज्यातलं त्याचं काम १९७४ मध्ये पूर्ण झालं. लिंकन ते ग्रँड आयलंड हा ७२ मैलांचा पट्टा इतका सरळ आहे की स्टिअरिंग जवळजवळ हलवावंच लागत नाही. पुढे रस्ता प्लॅट नदीच्या खोऱ्यातून जातो. ऑरेगॉनकडे निघालेल्या बैलगाड्या याच खोऱ्यातून गेल्या, पोनी एक्स्प्रेस या जुन्या टपालसेवेचे घोडेस्वार इथूनच गेले, युनियन पॅसिफिकचे रूळ इथूनच टाकले गेले. सपाट जमीन आणि सोबतीला पाणी, दोन्ही इथे मिळायचं.

सपाट दिसते, पण जमीन चढत असते. ओमाहा समुद्रसपाटीपासून हजार-एक फुटांवर, डेन्व्हर ५,२८० फुटांवर. हा चढ एवढ्या लांबवर पसरलेला आहे की डोळ्याला कळत नाही. कोझॅड गावाजवळ रेखावृत्त १०० ओलांडलं की पाऊसमान कमी होत जातं. मक्याच्या शेतात गोल फिरणारे सिंचनाचे लांबलचक पाइप दिसतात, मग कुरणं वाढतात आणि गावांमधलं अंतरही वाढतं. बिग स्प्रिंग्जच्या पुढे आंतरराज्य महामार्ग ७६ फुटतो आणि नैर्ऋत्येला डेन्व्हरकडे वळतो. त्यावर ज्युल्सबर्ग ते स्टर्लिंग हे साधारण ५५ मैल फारच मोकळे आहेत. एक्झिट आहेत, पण उतरून पाच माणसांनी रात्र काढावी अशी सोय तिथे बहुतेक नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. मे-जूनमध्ये रॉकी पर्वताच्या पूर्व उतारावर दुपारी ढग उभे राहतात आणि संध्याकाळपर्यंत पूर्वेकडे सरकत मैदानात उतरतात. कोलोरॅडो, नेब्रास्का आणि वायोमिंग जिथे एकमेकांना भिडतात त्या भागात अमेरिकेतली सर्वाधिक गारपीट होते. म्हणजे पश्चिमेकडे जाणारी गाडी आणि पूर्वेकडे येणारं वादळ एकाच पट्ट्यात समोरासमोर येतात, आणि कधी येतात ते गाडी सकाळी किती वाजता निघाली यावर ठरतं. पहाटे पाच-साडेपाचला ओमाहा सोडणारा दुपारी एक-दोनला डेन्व्हरात असतो, ढग तेव्हा कुठे जमत असतात. दहाला निघणारा चार ते सातच्या दरम्यान त्यांच्या पुढ्यात येतो.

दिवस कसा सरकला

ओमाहाहून निघायला पावणेदहा वाजले. हॉटेलचा नाश्ता, आजोबांचं इन्सुलिन आणि त्यानंतरचं खाणं, आजींची अंघोळ-पूजा, नातीचा हरवलेला बूट. यातलं काहीही चुकीचं नाही. पाच माणसांचं घर हॉटेलातून बाहेर पडायला एवढा वेळ लागतोच. मात्र आदल्या रात्री कोणी सकाळची वेळ ठरवलीच नव्हती. "आठ तास तर आहेत, आरामात निघू" एवढंच बोलणं झालं होतं.

कर्नीला महामार्गावरूनच आडवं बांधलेलं आर्चवे नावाचं संग्रहालय आहे, खालून गाड्या जातात. तिथे दीड तास गेला. बैलगाड्यांनी हजारो मैल गेलेल्या कुटुंबांची दृश्यं बघत आजी रमल्या. प्रवासाला निघताना त्या बायका पिठाचं पोतं कुठे बांधायच्या, हे त्यांनी दोनदा वाचून घेतलं. मुलाला पुढे वाटत राहिलं की तो दीड तास नडला. मला तसं वाटत नाही. त्या थांब्यात आजींचे गुडघे मोकळे झाले, नात धावली, आणि दिवसभरात प्रवास म्हणावा असं तेवढंच काय ते झालं. कापायचाच होता तर वेळ सकाळचा कापायला हवा होता.

जेवण बाहेरच्या बाकावर. आजींनी दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि लिंबाचं लोणचं बांधून आणलं होतं. आजोबांनी दोनच दशम्या खाल्ल्या. "बसून बसून भूक नाही" म्हणाले. रोजच्या जेवणाच्या मानाने हे कमी होतं, आणि संग्रहालयात चालणं रोजच्यापेक्षा जास्त. हे दोन्ही सुनेच्या लक्षात आलं होतं, पण बोलायचं राहून गेलं.

नॉर्थ प्लॅटला पोचेपर्यंत साडेचार झाले. युनियन पॅसिफिकचं बेली यार्ड इथेच, जगातलं सर्वांत मोठं रेल्वे यार्ड. ते बघायचं ठरलं होतं, ते गाळलं. पेट्रोल भरलं. पश्चिमेचं आकाश अजून निळं होतं, पण अगदी क्षितिजाशी ढगांचे पांढरेशुभ्र, फ्लॉवरच्या गड्ड्यासारखे माथे दिसत होते. मित्राचा डेन्व्हरहून फोन आला : "आमच्या पूर्वेला गारा पडल्यात. सावकाश या, जेवण कुठे पळत नाही." मुलाला त्यातलं "या" ऐकू आलं, सुनेला "सावकाश". याच सुमारास फोनवर सूचना आली की नैर्ऋत्य नेब्रास्का आणि ईशान्य कोलोरॅडोला रात्रीपर्यंत तीव्र वादळाचा 'वॉच' आहे.

इथे थोडं थांबून सांगतो, कारण या दोन शब्दांत बरेच जण गल्लत करतात. 'वॉच' म्हणजे मोठ्या भूभागात तसं वादळ होण्याजोगी हवा आहे, तयारीत राहा. 'वॉर्निंग' म्हणजे वादळ झालेलं आहे, रडारवर किंवा माणसाच्या डोळ्याला दिसलं आहे, आता आसरा घ्या. तीव्र वादळाची वॉर्निंग निघते ती ताशी ५८ मैलांचा वारा किंवा एक इंच व्यासाची गार एवढी ताकद असली तर. आणि रेडिओवर भाग सांगतात तो काउंटीच्या, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाच्या, नावाने. पाहुण्या गाडीवाल्याला आपण कुठल्या काउंटीत आहोत हे बहुधा ठाऊक नसतं. या कुटुंबालाही नव्हतं. ओगलाला कीथ काउंटीत, बिग स्प्रिंग्ज ड्यूएलमध्ये, ज्युल्सबर्ग सेजविकमध्ये, स्टर्लिंग लोगनमध्ये. एवढी चार नावं कागदावर असती तर रेडिओ त्यांच्यासाठी बोलला असता.

पाच वाजून गेल्यावर ते नॉर्थ प्लॅटहून निघाले. ठरलं ते असं : ओगलालापर्यंत जाऊ, पन्नास मैल, तिथे चहा घेऊ आणि मग बघू. हा निर्णय चांगला होता. पुढे काय करायचं हे ठरवायची जागा त्यांनी आधीच नक्की केली होती, आणि ती अशी निवडली होती जिथे राहायला मोटेल, खायला काही आणि गरज पडली तर दवाखाना आहे.

अडचण

आजोबा घरी पाच वाजता चहा-बिस्किटं घेतात. सकाळच्या मिश्र इन्सुलिनचा सावकाश चालणारा भाग दुपारभर काम करत असतो, त्याला पाचचं खाणं आधार देतं. नॉर्थ प्लॅटला चहा राहिला, ओगलालाला घ्यायचा ठरला. दरम्यान नॉर्थ प्लॅटची लिंकन काउंटी संपून कीथ काउंटी लागली आणि तिथे वेळेचा पट्टा बदलतो. फोनवर पाच पंचवीसचे चार पंचवीस झाले.

मुलाला एक तास हाती आल्याचा आनंद झाला. "बघा, आता आठला नक्की पोचतो." आणि पाचच्या चहाला अजून अर्धा तास आहे, असं सगळ्यांनी, आजोबांनी स्वतःसुद्धा, धरलं. त्यांच्या मनगटावरचं घड्याळ शिकागोचीच वेळ दाखवत होतं, पण त्यांनी ते न बघता डॅशबोर्डवरच्या फोनकडे बघितलं. शरीरात गेलेल्या औषधाला मात्र पट्टा बदलल्याचं कळलं नव्हतं.

पॅक्स्टनच्या पुढे ते बोलेनासे झाले. आजींना वाटलं डोळा लागला. एसी चालू असताना नातीला दिसलं की आबांच्या कपाळावर, कानाच्या मागे घाम डबडबलाय. ती म्हणाली, "आई, आबा भिजलेत." सुनेने मागे वळून विचारलं, "बाबा, ठीक आहात ना?" आजोबा म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे," पण शब्द जड, आणि नजर तिच्यावर स्थिर नव्हती.

ओगलालाचा एक्झिट आठ मैलांवर होता. तो घेतला, गॅस स्टेशनच्या छताखाली गाडी लावली. साखर तपासायचं यंत्र डिकीत, चार बॅगांच्या खाली. ते सापडेपर्यंत सुनेने वाट पाहिली नाही. नातीच्या डब्यातला सफरचंदाचा रस, अर्धा कप, आजोबांना घोट घोट पाजला. यंत्र मिळालं तेव्हा आकडा आला ५८. सत्तरच्या खाली गेलं की साखर कमी समजतात. रस त्याआधीच पोटात गेला होता, म्हणजे प्रत्यक्षात ती आणखीही खाली गेली असेल. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासलं, ८१. मग अर्धी दशमी आणि दूध, म्हणजे साखर टिकून राहील.

सुनेचं हे पाच मिनिटांतलं वागणं नीट बघावं. माणूस शुद्धीत आहे, गिळू शकतो आहे आणि लक्षणं स्पष्ट आहेत, तर यंत्र शोधत बसण्यापेक्षा गोड देणं बरोबर. पंधरा ग्रॅम साखर, पंधरा मिनिटं थांबणं, पुन्हा तपासणं, हा क्रम तिला पाठ होता. माणूस बेशुद्ध असता तर तोंडात काहीही घालायचं नसतं, सरळ ९११ या आपत्कालीन नंबरला फोन.

पर्याय

ओगलालाच्या घड्याळात पाच-सव्वापाच. आजोबांच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. पश्चिमेला मघाचे पांढरे माथे आता तळाशी निळे-काळे झाले होते. त्याखाली शेताच्या कडेला एक करडा पडदा लोंबत होता. मुलाने फोन बघितला : डेन्व्हर सव्वातीन तास.

सरळ पुढे जायचं, हा मुलाचा पहिला कल. रडारवर दोन वादळांमध्ये फट दिसत होती, त्यातून निघू, असं तो म्हणाला. रडारवरचं चित्र काही मिनिटं जुनं असतं आणि ढग त्या वेळात मैलभर तरी सरकलेला असतो, त्यामुळे अशा फटींवर मी भरवसा ठेवत नाही. शिवाय वाटेत तोच ज्युल्सबर्ग-स्टर्लिंगचा मोकळा पट्टा. गारा सुरू झाल्या तर तिथे लोक पुलाखाली गाडी घालतात. त्याने मागची वाहतूक अडते. आणि चक्रीवादळ (टॉर्नेडो) असेल तर पुलाखाली वाऱ्याचा जोर वाढतो. ३ मे १९९९ ला ओक्लाहोमात पुलाखाली आसरा घेतलेली माणसं अशीच दगावली होती.

दोन तास थांबून वादळ गेल्यावर रात्री निघायचं, हा दुसरा विचार. ऐकायला शहाणपणाचा, पण तोवर मुलगा आदल्या दिवशीचे धरून बारा-तेरा तास गाडी चालवून दमलेला, अंधारात रस्त्यावर हरणं, आणि आजोबांचं रात्रीचं इन्सुलिन व जेवण नेमकं कुठे, किती वाजता, याचा पत्ता नाही. नॉर्थ प्लॅटला परत फिरणं कोणालाच पटलं नाही. ८० वरूनच पश्चिमेला नेब्रास्कातल्या सिडनी गावाकडे जाऊन वळसा घालणं म्हणजे त्याच ढगात वेगळ्या दाराने शिरणं.

राहिला ओगलालाचा मुक्काम. किंमत : डेन्व्हरचं हॉटेल बुडणार, इथे दोन खोल्या घ्याव्या लागणार, पुरणपोळीचं जेवण हुकणार, पुढचा एक दिवस आखडणार.

काय ठरलं, कसं ठरलं

मुलाने वडिलांना विचारलं, "बाबा, आता बरं वाटतंय ना?"

"हो हो. चला तुम्ही. माझ्यामुळे अडू नका."

प्रकरणातला सगळ्यात अवघड क्षण मला हा वाटतो, गारांचा नव्हे. मुलाने विचारलं मनापासून, वडिलांनी उत्तर दिलं मनापासून, आणि तरी त्या उत्तरावर निर्णय घेणं धोक्याचं होतं. परक्या देशात, मुलाच्या गाडीत, सुनेच्या आणि नातीच्या देखत, आपल्यामुळे सगळ्यांचा बेत मोडतोय हे त्या पिढीच्या माणसाला सोसत नाही. ते "चला"च म्हणणार. नंतर आजी मला म्हणाल्या, "त्यांना विचारून काय उपयोग? ते घरी ताप चढला तरी ठीकच असतात."

सुनेने प्रश्न बदलला. ती नवऱ्याला म्हणाली, "बाबा चला म्हणतायत त्यावर नको ठरवूस. साखर एकदा एवढी खाली गेली की पुढच्या काही तासांत परत जाऊ शकते. ती ज्युल्सबर्गच्या पुढे गेली आणि बाहेर गारा असल्या, तर आपण काय करणार आहोत, ते सांग. त्याचं उत्तर असेल तर निघू."

मुलाकडे उत्तर नव्हतं. तो सांगतो, त्या क्षणी त्याला राग आला होता, बायकोचा नव्हे, दिवसाचा. आजींनी विषय संपवला : "अरे, आपल्याला कुठे मुहूर्त गाठायचाय? त्यांना फोन कर, पुरणपोळी उद्या शिळी जास्त चांगली लागते."

मित्राला फोन मुलानेच केला. पलीकडून सुटकेचा निःश्वास ऐकू आला म्हणतो. मित्राच्या घरच्यांनी तासभर आधीच आपापसात बोलून ठेवलं होतं की हे लोक थांबले तर बरं. पण पाहुण्यांना "येऊ नका" कसं म्हणायचं, म्हणून ते गप्प राहिले.

काय झालं

मोटेल चालवणारं जोडपं गुजराती निघालं. छोट्या अमेरिकन गावांतल्या मोटेलांत हे नवीन नाही. तळमजल्यावरच्या दोन खोल्या मिळाल्या, आल्याचा चहाही. प्रवेशाजवळच्या छताखाली गाडी लावायला मालकांनी सुचवलं, पण तिथे आधीच जागा उरली नव्हती. गाडी उघड्यावर राहिली.

साडेसहाच्या सुमारास सगळ्यांचे फोन एकदम वाजले. कीथ काउंटीसाठी वॉर्निंग. खिडक्यांपासून दूर, आतल्या पॅसेजमध्ये बसायला सांगितलं. आधी वारा, मग टपावर कोणी मूठभर खडे भिरकावावेत तसा आवाज, मग एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. जेमतेम दहा मिनिटं. नात आजीच्या पदरात, आणि आजोबा तिला सांगत होते की १९७२च्या दुष्काळात गावात लोक गारांचीसुद्धा वाट बघायचे. आजींच्या मते, दिवसभरात ते आपणहून बोलले ते तेव्हा.

मिनीव्हॅनच्या बॉनेटवर आणि टपावर चिक्कार पोचे आले, काच वाचली. गाडीच्या विम्यात गारपिटीचं नुकसान 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' भागात येतं, टक्कर झाल्याच्या भागात नव्हे. तो भाग त्यांनी घेतलेला होता. स्वतःच्या वाट्याची ठरलेली रक्कम वजा जाऊन बाकीचं काम विम्यातून झालं. डेन्व्हरच्या हॉटेलचे पैसे गेले ते गेलेच.

आजोबांची साखर रात्री जेवणाआधी १३६ होती. त्यांनी इन्सुलिन शिकागोच्या वेळेनुसार घेतलं. भारतातल्या डॉक्टरांना तिकडच्या सकाळी फोन लावून सुनेने तसं विचारून घेतलं होतं.

दुसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला गाडी निघाली. ज्युल्सबर्गच्या पलीकडे काही मैल रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुडघाभर मक्याची पानं उभी फाटून चिंध्या झालेली, नुसते दांडे उभे. चरात गवताच्या सावलीत गारांचे ढीग अजून वितळायचे होते. मुलाने तिथे वेग कमी केला, पण बोललं कोणी नाही. नऊच्या सुमारास ते मित्राच्या दारात होते.

वेगळं काय करता आलं असतं

मुलाचं आजही ठाम मत आहे : सकाळी सहाला निघालो असतो तर थांबायची वेळच आली नसती. हे खरं आहे आणि यातून पहिला बदल निघतोच. जूनमध्ये पश्चिमेकडे जाताना निघायची वेळ आदल्या रात्री ठरवावी, आणि दुपारी दोनपर्यंत जिथवर पोचता येईल तिथवरच त्या दिवसाची मजल धरावी. ओमाहाहून पहाटे निघणं घरच्यांना झेपणार नसेल तर नॉर्थ प्लॅट किंवा ओगलाला हाच मुक्काम धरून बुकिंग करावं. बेली यार्डही बघून होईल.

पण मी त्याच्याशी पूर्ण सहमत नाही. सहाला निघूनही टायर बसू शकतो, रस्त्याचं काम लागू शकतं. तेव्हा हुकमाची गोष्ट म्हणजे मुक्काम हलवता येणं. रद्द करता येईल असं बुकिंग थोडं महाग पडतं, तो फरक अशा दिवसासाठी द्यावा. आणि यजमानांना आधीच मोकळेपणाने सांगावं की हवामान बघून ऐन वेळी कळवू, ताटं मांडून ठेवू नका. मित्राच्या घरच्यांनीही मनातलं बोलायला हवं होतं. त्यांच्या एका "आज थांबा"ने मुलाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उतरलं असतं.

सून महामार्गावर गाडी चालवत नाही, ताशी ७५ मैलांच्या वेगाची भीती वाटते. सरळ, रिकाम्या लिंकन-ग्रँड आयलंड पट्ट्यासारखा सराव तिला दुसरीकडे मिळणार नाही. सकाळच्या उजेडात, नवरा शेजारी जागा असताना, तो तासभर तिने चालवायला घ्यायला हवा होता. संध्याकाळी उन्हाकडे तोंड करून दमलेल्या माणसाने चालवण्यापेक्षा ते नक्कीच बरं.

औषधाबाबत डॉक्टरांशी निघण्याआधी बोलायला हवं होतं, ओगलालाहून नव्हे. एका तासाचा फरक क्षुल्लक वाटतो आणि इन्सुलिनच्या मात्रेसाठी बहुतेक वेळा असतोही. घोळ होतो तो खाण्याच्या वेळेचा. आता आजोबांचं खाणं-औषध त्यांच्या मनगटावरच्या घड्याळाने चालतं, प्रवास संपेपर्यंत ते कोणी बदलत नाही. साखरेचं यंत्र, रसाचे दोन डबे आणि बिस्किटं पुढच्या सीटच्या पायाशी असतात. इन्सुलिन गार पिशवीत, गाडी उन्हात उभी करताना सोबत बाहेर. आणि "ठीक आहात ना?" हा प्रश्न सुनेने बंद केला. दर थांब्याला ती यंत्र पुढे करते.

परतीच्या वेळी त्यांनी ही एका दिवसाची वाट दोन दिवसांत तोडली. पूर्वेकडे जाताना वादळं पाठीमागून येतात आणि घड्याळातला एक तास हातचा जातो, म्हणून डेन्व्हरहून सकाळी सहाला निघून कर्नीला मुक्काम. काउंट्यांची यादी नातीने आपल्या वहीत लिहून घेतली होती आणि एक्झिटच्या आकड्यांवरून ती पुढचं गाव किती मैलांवर ते सांगत होती. नेब्रास्कात हे आकडे पश्चिम सीमेपासून मोजतात, त्यामुळे साधी वजाबाकी पुरते. गोथनबर्गच्या अलीकडे आजोबांनी आपणहून सांगितलं, "जरा थांबव रे, मला खायचंय." मुलाने पुढचाच एक्झिट घेतला.